हाताला काम मिळेपर्यंत : महारोगी सेवा समिती, वरोरा आणि पुनर्रचना शस्त्रक्रियेचे कार्य

माजरीहून नागपूरकडे जाणारी गाडी वरोऱ्याला थांबते. आमच्या कोळसापट्ट्यातल्या किती तरी कुटुंबांनी या स्टेशनावर उतरून आनंदवनाची वाट धरली आहे. कुणी सहलीला गेले, कुणी सतरंज्या-चादरी आणायला गेले, आणि अंगावर सुन्न चट्टा उठलेले काही जण कुणालाही न सांगता गेले. आनंदवन चालवणाऱ्या महारोगी सेवा समितीची स्थापना १९४९ सालची. पंच्याहत्तरी ओलांडलेल्या या संस्थेवर पुष्कळ लिहिले गेले आहे. या लेखात तिच्या कामाचा एकच धागा धरला आहे. कुष्ठरोगाने वाकडे झालेले हात, लोंबणारे पाऊल आणि न मिटणारा डोळा दुरुस्त करण्याचे शास्त्र आपल्या देशात कसे घडले आणि त्या शास्त्राला आनंदवनाने कोणती जोड दिली, त्याची ही नोंद.

पूर्वपीठिका

वरोऱ्याचे काम उभे राहिले त्याआधीपासून विदर्भात कुष्ठसेवेची परंपरा होती. विनोबांचे सहकारी मनोहर दिवाण यांनी १९३६ साली वर्ध्याजवळ दत्तपूरला कुष्ठधाम सुरू केले. सेवाग्रामच्या आश्रमात संस्कृत पंडित परचुरे शास्त्री कुष्ठरोग घेऊन आले, तेव्हा गांधीजींनी त्यांना ठेवून घेतले आणि स्वतःच्या हाताने त्यांची शुश्रूषा केली. पुढे गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानचे मुख्यालयही वर्ध्यालाच आले, आणि गावोगाव जाऊन रुग्ण शोधणे, लोकांना समजावणे आणि घरीच उपचार देणे ही पद्धत तिथे रुजली.

संस्थेचे संस्थापक मुरलीधर देवीदास ऊर्फ बाबा आमटे मूळचे हिंगणघाटचे. वरोऱ्यात त्यांची वकिली होती आणि नगरपालिकेत ते उपाध्यक्षही होते. एका पावसाळी संध्याकाळी रस्त्याच्या कडेला बोटे झडलेला, अंगावर किडे वळवळत असलेला तुळशीराम त्यांना दिसला. बाबा घाबरून पळाले. ही भीती त्यांना सहन झाली नाही. ते परत आले, तुळशीरामवर आडोसा केला आणि त्याच्या अखेरपर्यंत त्याची सेवा केली. हा प्रसंग महाराष्ट्रातल्या शाळकरी मुलांनाही माहीत आहे. त्यानंतर बाबांनी काय केले, ते मात्र कमी सांगितले जाते. १९४९ साली ते कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये कुष्ठरोगाचा अभ्यासक्रम शिकायला गेले. कुष्ठरोगाचा जंतू प्रयोगशाळेतल्या बशीत वाढत नाही, ही तेव्हाच्या संशोधकांची मोठी अडचण होती. बाबांनी प्रयोगासाठी स्वतःचे शरीर देऊ केले आणि जंतू टोचून घेतले. रोग काही त्यांना झाला नाही. परत येऊन त्यांनी वरोरा आणि आसपासच्या गावांत दवाखाने सुरू केले. संस्थेच्या कामात भावनेच्या बरोबरीने शास्त्र आहे, ते या सुरुवातीपासून.

१९५१ : माळरानावरची वसाहत

सरकारने वरोऱ्याबाहेर पन्नास एकर खडकाळ, झुडपी जमीन दिली. बाबा, त्यांच्या पत्नी साधनाताई, विकास आणि प्रकाश ही दोन लहान मुले, सहा कुष्ठरुग्ण, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये एवढ्या भांडवलावर १९५१ साली आनंदवन सुरू झाले. उद्घाटनाला विनोबा आले होते. विंचू-सापांच्या त्या रानात पहिले काम विहिरीचे होते. ज्यांच्या हातांना धड मूठ नव्हती त्यांनी कुदळ धरली. पुढे भाजीपाला पिकू लागला. कुष्ठरोग्यांनी पिकवलेली भाजी घ्यायला वरोऱ्यातले लोक सुरुवातीला धजावले नाहीत. १९५०च्या दशकात सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या संघटनेचे देशोदेशीचे तरुण आनंदवनात येऊन राहिले. रुग्णांसोबत जेवले, रुग्णालयाच्या इमारतीसाठी विटा-माती वाहिली. परदेशी पाहुणे ज्यांच्या पंगतीला बसतात त्यांच्या हातची भाजी घ्यायला हरकत नाही, हे बाजाराला तेव्हा पटले. कुष्ठरोग्यांच्या श्रमातून उभ्या राहिलेल्या महाविद्यालयात १९६०च्या दशकापासून निरोगी घरांतली मुले शिकू लागली.

बाबांची धारणा अशी होती की दानाने माणूस दुबळा होतो आणि कामाने उभा राहतो. संस्थेची घडी याच धारणेवर बसली. माणूस उभा राहायचा तर त्याच्या हातात काम हवे, आणि काम हवे तर तो हात चालायला हवा. इथूनच आनंदवनाची गाठ पुनर्रचनेच्या शास्त्राशी पडते.

रोग बरा होतो, हात तसाच राहतो

१९४०च्या दशकात सल्फोन गटातली औषधे आली. त्यातले डॅप्सोन स्वस्त होते, गोळीच्या रूपात देता येत होते आणि खेड्यापाड्यांपर्यंत पोहोचत होते. जंतू आटोक्यात आले, पण त्यांनी आधीच मारलेल्या नसा या गोळीने जिवंत होत नव्हत्या.

कुष्ठरोगाचा जंतू शरीराच्या थंड भागांत वाढतो. त्वचा, नाकाचे अस्तर आणि कातडीच्या लगत धावणाऱ्या नसा ही त्याची ठिकाणे. कोपराच्या मागे जी नस आपटली की हाताला झिणझिण्या येतात, ती त्याला पहिल्यांदा सापडते. ती निकामी झाली की पंजातले बारीक स्नायू वाळतात. बोटांच्या मुळाशी असलेले सांधे मागे ताणले जातात, पुढची पेरे आत वळतात आणि करंगळी-अनामिकेपासून सुरू झालेला वाकडेपणा सगळ्या हातावर पसरतो. मनगटापाशी दुसरी नसही गेली की अंगठा बोटांसमोर येईनासा होतो. अशा हाताने भाकरीचा तुकडा मोडता येत नाही, गुंडी लावता येत नाही, पऱ्हाटीच्या बोंडातून कापूस ओढता येत नाही. आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीत तेंदूपत्त्याचे पुडके बांधायचे, मोहफुले वेचायची, धानाची रोवणी करायची, ही सगळी कामे बोटांच्या टोकांनी. बोटे गेली की घरातला कमावता माणूस गेला.

गुडघ्याखालची नस गेली की पाऊल उचलले जात नाही, चालताना ते जमिनीवर आपटत जाते. चेहऱ्याची नस गेली की पापणी मिटत नाही. उघड्या राहिलेल्या डोळ्यात धूळ जाते, बुबुळावर व्रण पडतो आणि माणूस आंधळा होतो. नाकाचे आतले अस्तर आक्रसले की नाक बसते. भुवया झडतात. त्वचेवरचे चट्टे विरून गेले, अंगात एकही जंतू उरला नाही, तरी हा चेहरा आणि हे हात पाहून गाव त्या माणसाला रोगीच म्हणत राहते.

शास्त्राची वाट : पुणे, वेल्लोर, मुंबई, नागपूर

मोडलेले नाक नव्याने घडवण्याची विद्या आपल्याकडे सुश्रुताच्या काळापासून आहे. १७९४ साली लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये पुण्याजवळ झालेल्या अशा एका शस्त्रक्रियेचे सचित्र वर्णन छापून आले. इंग्रजांच्या फौजेसाठी बैल हाकणाऱ्या, टिपूच्या कैदेत नाक कापले गेलेल्या माणसाला एका स्थानिक कारागिराने कपाळाची कातडी वळवून नवे नाक दिले होते. त्या वर्णनाने युरोपातल्या शल्यचिकित्सकांची उत्सुकता जागी झाली. पहिल्या महायुद्धात छिन्नविच्छिन्न झालेल्या सैनिकांचे चेहरे दुरुस्त करता करता हॅरोल्ड गिलिज यांनी इंग्लंडमध्ये आधुनिक प्लास्टिक सर्जरी घडवली.

कुष्ठरुग्णांच्या हातांपर्यंत हे शास्त्र आले ते वेल्लोरला. तिथल्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. पॉल ब्रँड यांनी १९४८च्या सुमारास वाकड्या हातांवर शस्त्रक्रिया सुरू केल्या. कुष्ठरोग्यांचे मांस सडके असते, त्यावर घातलेले टाके धरत नाहीत, असा तेव्हाच्या डॉक्टरांचाही समज होता. ब्रँड यांनी तो खोटा ठरवला. रोग बोटे खात नाही, हेही त्यांनी दाखवून दिले. वेदना कळत नाही म्हणून माणूस तापलेले भांडे धरून ठेवतो, पायात रुतलेला काटा घेऊन दिवसभर चालतो, आणि त्या जखमा चिघळून बोटे आखूड होत जातात. म्हणजे जखमा टाळता येतात.

वेल्लोरला आलेला एक अनुभव आनंदवनाच्या दृष्टीने फार मोलाचा आहे. हात सुधारून घरी गेलेला एक तरुण काही काळाने परत आला आणि म्हणाला, हे हात भीक मागायला वाईट आहेत. वाकडी बोटे पाहून लोक पैसे टाकत होते, आता टाकत नाहीत. आणि हा कुष्ठरोगी होता हे ठाऊक असल्याने काम देत नाहीत, राहायला खोलीही देत नाहीत. डॉ. ब्रँड यांनी त्यातून धडा घेतला आणि रुग्णांना सुतारकाम व इतर धंदे शिकवणारे नवजीवन केंद्र सुरू केले.  वेल्लोरचा शल्यचिकित्सक शस्त्रक्रियेकडून कामाकडे आला, वरोऱ्याचे बाबा कामाकडून शस्त्रक्रियेकडे आले, आणि दोघांची सुरुवात जवळजवळ एकाच काळात झाली.

महाराष्ट्रात ही विद्या रुजवली डॉ. नोशीर अंतिया यांनी. गिलिज यांच्या हाताखाली शिकून ते भारतात परतले आणि पुण्याजवळ कोंढव्याच्या कुष्ठरुग्णालयात शस्त्रक्रिया करू लागले. पुढे मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेजच्या जे. जे. रुग्णालयात त्यांनी टाटांच्या नावाचा प्लास्टिक सर्जरी विभाग उभारला. भाजलेले, फाटलेल्या ओठांचे, अपघातात चेहरा गमावलेले आणि कुष्ठाने विद्रूप झालेले, सगळे एकाच छताखाली यावेत, कुष्ठरुग्णाला वेगळ्या कोंडवाड्यात टाकू नये, असा त्यांचा आग्रह होता. विद्यापीठाच्या शिक्षणक्रमात बसलेल्या विभागाने हे केले, याला फार महत्त्व आहे. तिथे शिकलेला प्रत्येक विद्यार्थी कुष्ठरुग्णाचा हात आपल्या हातात घेऊनच शल्यचिकित्सक झाला.

नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. सी. बालकृष्णन यांनी प्लास्टिक सर्जरीचे काम सुरू केले. विदर्भाला हे शास्त्र त्यांच्यामुळे जवळ आले. फाटलेला ओठ आणि दुभंगलेली टाळू यांची त्यांनी १९७५ साली प्रसिद्ध केलेली सुटसुटीत वर्गवारी देशभरातले शल्यचिकित्सक नागपूर वर्गीकरण या नावाने ओळखतात. याच महाविद्यालयात विकास आणि प्रकाश हे आमटे बंधू डॉक्टर झाले. आनंदवन आणि विद्यापीठाचे महाविद्यालय यांचे नाते असे घरातूनच जुळले.

एक हात, जवळून

पुनर्रचना शस्त्रक्रिया म्हणजे नेमके काय होते, हे वाचकांना समजावे म्हणून थोडे तपशिलात लिहितो.

हात शस्त्रक्रियेला घेण्याआधी औषधोपचाराची मात्रा पूर्ण झालेली, निदान बरीचशी पार पडलेली असावी लागते. नसांना सूज आणणारी रिॲक्शन कित्येक महिन्यांत आलेली नसावी. हातावर उघडी जखम नको आणि सांधे मऊ हवेत. आखडलेले सांधे मोकळे करायला आठवडेच्या आठवडे जातात. कोमट पाण्यात हात बुडवायचा, तेल चोळायचे, मेणाचा शेक घ्यायचा, मग मांडीवर पंजा ठेवून दुसऱ्या हाताने एकेक बोट सरळ करायचे. हे करून घेतो तो फिजिओथेरपिस्ट. शस्त्रक्रियेच्या यशाचा पाया तोच घालतो.

शल्यचिकित्सक मेलेली नस जिवंत करत नाही. तो एक चांगला स्नायू शोधतो, ज्याचे काम दुसरा स्नायू सांभाळू शकेल. प्रत्येक बोट वाकवणाऱ्या दोन दोऱ्या असतात. मधल्या बोटाची त्यातली एक दोरी काढून घेतली तरी ते बोट वाकतेच. ही दोरी तळहातात आणायची, उभी चिरून तिच्या चार शेपट्या करायच्या आणि प्रत्येक शेपटी एकेका बोटाच्या कडेने नेऊन पाठीवरच्या पडद्यात शिवायची. ताण किती ठेवायचा, यात सगळे कौशल्य असते. सैल राहिली तर बोटे पुन्हा वळतात, घट्ट झाली तर मूठ मिटत नाही. मग साधारण तीन आठवडे प्लास्टर.

प्लास्टर निघते त्या दिवशी खरे शिक्षण सुरू होते. मेंदूच्या हिशेबी तो स्नायू अजून मधले बोटच वाकवत असतो. रुग्णाला सांगतात, मधले बोट वाकवायचे मनात आण. तो तसे करतो आणि चारही बोटांची मुळे पुढे येतात, पेरे सरळ होतात. आधी हवेत, मग लाकडी ठोकळा धरून, मग मातीचा गोळा वळून, मग सुतळीची गाठ मारून. कित्येक आठवड्यांनी मेंदू जुनी ओळख सोडतो आणि हात विचार न करता चालू लागतो.

डोळ्याची शस्त्रक्रिया अशीच अचंबा वाटावा अशी. कानशिलावर, दात आवळले की फुगणारा जो चावण्याचा स्नायू असतो, त्याची पट्टी पापण्यांतून नेऊन नाकाजवळ बांधतात. रुग्णाने दात आवळले की डोळा मिटतो. काही दिवस तो आरशासमोर बसून दात आवळत राहतो, पुढे जेवताना, बोलताना डोळा आपसूक मिटू लागतो आणि बुबुळ वाचते. लोंबत्या पावलासाठी पोटरीतला आतला स्नायू पुढे आणून पावलाच्या पाठीवर बसवतात. बसलेल्या नाकाला आतून कातडीचे अस्तर देऊन वर उचलतात. झडलेल्या भुवईच्या जागी डोक्यावरच्या केसांची कातडी लावतात. वरवर सजावटीच्या वाटणाऱ्या या शस्त्रक्रियेनेच कित्येकांना बसमध्ये शेजारी कुणी बसू लागले.

शस्त्रक्रियेने संवेदना मात्र परत येत नाही. सरळ झालेले बोट गरम तव्यावर पूर्वीसारखेच भाजते. म्हणून रोज पाण्यात भिजवणे, घट्टे खरवडणे, तेल लावणे आणि रात्री झोपताना डोळ्यांनी हातपाय तपासणे जन्मभर करावे लागते. पायासाठी मऊ सूक्ष्मछिद्री रबराची, खिळे न ठोकता बनवलेली चप्पल लागते. अशा चपला आनंदवनाच्या कार्यशाळेत बनतात, आणि त्या बनवणाऱ्या कारागिरांनीही हा रोग भोगलेला आहे.

आनंदवनाने घातलेली भर

आनंदवनाच्या रुग्णालयात औषधोपचार, जखमांची निगा, फिजिओथेरपी आणि शस्त्रक्रिया ही कामे होत आली आहेत. बाहेरून विशेषज्ञ येतात, शिबिरे होतात. तरी संस्थेची खरी कमाई मला रुग्णालयाच्या दारापलीकडे दिसते. टाके निघालेला माणूस तिथून हातमागावर जातो, सुतारशाळेत जातो, शेतावर जातो, छपाईच्या किंवा शिवणाच्या खोलीत जातो. ज्याची बोटे शस्त्रक्रियेनेही सुधारण्यापलीकडे गेली, त्याच्यासाठी अवजाराची मूठ जाड केली जाते, मागाची दांडी बदलली जाते. अंध, मूकबधिर आणि अपंग मुलांच्या शाळा आणि त्यांना धंदेशिक्षण देणारे संधी निकेतन याच विचारातून उभे राहिले. मूल तालुक्यातल्या सोमनाथ प्रकल्पावर बऱ्या झालेल्या माणसांनी जंगलाकाठची जमीन कसून धानाची शेती केली. तिथे कुटुंबे झाली, मुले वाढली. डॉ. विकास आणि डॉ. भारती आमटे यांनी हा पसारा पुढे वाढवला.

बाबांना १९८५ साली मॅगसेसे, १९९० साली टेंपल्टन आणि १९९९ साली गांधी शांतता पुरस्कार मिळाला. बाबा २००८ साली गेले, साधनाताई २०११ साली. काम चालू आहे.

जंगलातली शस्त्रक्रिया

२३ डिसेंबर १९७३ रोजी गडचिरोलीच्या टोकाला, भामरागडजवळ हेमलकसा येथे समितीचा लोक बिरादरी प्रकल्प सुरू झाला. नागपुरात शस्त्रक्रियेचे पदव्युत्तर शिक्षण घेत असलेले डॉ. प्रकाश आमटे ते सोडून तिथे गेले, भूलतज्ज्ञ डॉ. मंदाकिनी आमटे त्यांच्यासोबत होत्या. तिथले माडिया आदिवासी आधी दवाखान्याकडे फिरकत नव्हते. अपस्माराचा झटका येऊन जाळात पडलेला, भाजलेला रुग्ण बरा होऊन घरी गेला आणि बातमी पाड्यापाड्यांत पोहोचली. जंगलात मोह वेचताना अस्वलाने फाडलेले चेहरे तिथे येत. वीज नव्हती, कंदिलाच्या उजेडात ओठ ओठाला, पापणी पापणीला जुळवून टाके घातले जात. प्लास्टिक सर्जरीचा विभाग शेकडो कोस लांब असताना, त्या शास्त्राचे मूलभूत नियम त्यांनी त्या झोपडीत पाळले. जखम नीट धुवायची, मेलेले तेवढेच काढायचे, जगेल ती कातडी जपायची. आज तिथे सुसज्ज रुग्णालय आहे आणि शहरांतले शल्यचिकित्सक शिबिरांना येतात. शोधग्रामला डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेच्या माँ दंतेश्वरी दवाखान्यातही बाहेरचे तज्ज्ञ येऊन शस्त्रक्रिया करतात. माणसाने नागपूर-मुंबई गाठण्याऐवजी सर्जनने गडचिरोली गाठावी, हा पायंडा या जिल्ह्याने पाडला.

आजची स्थिती आणि आपले काम

१९८०च्या दशकात बहुविध औषधोपचार आला. रिफाम्पिसिन, डॅप्सोन आणि क्लोफॅझिमिन ही औषधे सहा किंवा बारा महिने घेतली की रोग बरा होतो, आणि ती सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. डिसेंबर २००५ मध्ये देशातले प्रमाण दहा हजारांत एकाच्या खाली आले. १८९८चा कुष्ठरोग्यांना डांबणारा कायदा २०१६ साली रद्द झाला आणि २०१९ साली कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण राहिले नाही. पण चंद्रपूर आणि गडचिरोलीत नवे रुग्ण अजून सापडतात, त्यात मुलेही असतात. पुनर्रचना शस्त्रक्रियेसाठी राष्ट्रीय कार्यक्रमातून बुडालेल्या मजुरीपोटी आर्थिक मदत मिळते, ही गोष्ट कित्येक पात्र रुग्णांच्या कानावरही गेलेली नाही.

माजरी, भद्रावती, वरोरा या पट्ट्यात खाणीवर आणि शेतावर राबणारी माणसे हाताला आलेला बधिरपणा कामाचा म्हणून अंगावर काढतात. फिकट किंवा लालसर चट्टा असेल आणि त्याला स्पर्श कळत नसेल, हातापायाला मुंग्या येत असतील, चप्पल पायातून निसटली तरी समजत नसेल, तर त्याच आठवड्यात आरोग्य केंद्रात जावे. नस नुकतीच सुजलेली असेल, तर पहिल्या सहा महिन्यांत गोळ्यांनीच ती बऱ्याचदा वाचते आणि शस्त्रक्रियेची वेळच येत नाही. ज्यांचे हात आधीच वाकले आहेत, त्यांना आशा ताईंनी आणि आपण शेजाऱ्यांनी शस्त्रक्रियेची माहिती सांगावी, सोबत जावे. आणि तो माणूस हात सरळ करून गावात परतला की त्याला काम द्यावे. शल्यचिकित्सक त्याच्या हातात बळ घालू शकतो. त्या हाताला रोजगार देणे आपल्याकडे आहे, आणि आनंदवनाने गेली पंच्याहत्तर वर्षे तेच करून दाखवले आहे.